काळ्या कातडीतला उजेड

पूर्णा-नांदेड लोहमार्गावरच्या चुडाव्यात कापूस वेचणाऱ्या माणसाची पाठ उन्हाने रापून काळीकुळकुळीत होते. अशा कातडीला आपल्याकडे 'रंग गेला' म्हणतात. एका सूक्ष्मदर्शकाचे मत मात्र नेमके उलट आहे.

या यंत्राचे नाव कॉन्फोकल. कल्पना मार्विन मिन्स्की यांची. पेटंटचा अर्ज 1957चा. लेसरचा ठिपका कातडीच्या आत एका बिंदूवर टेकवायचा आणि परतणारा उजेड बारीक छिद्रातून घ्यायचा. वरच्या-खालच्या थरांतून भरकटून आलेला उजेड छिद्राबाहेरच अडतो. ठिपका भराभर फिरवला की जेमतेम 3 ते 5 मायक्रॉन जाडीच्या एकाच थराचे चित्र उमटते. सुरी नाही, टाका नाही, मेणात रोवलेला तुकडाही नाही. माणूस बसल्या जागी आणि त्याच्या जिवंत पेशी पडद्यावर.

पण रंग न चढवता त्या दिसतात कशा? 1995 साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधल्या वेलमन प्रयोगशाळेतून मिलिंद राजाध्यक्ष आणि सहकाऱ्यांनी याचे उत्तर छापले: मेलॅनिन, म्हणजे कातडीला काळेपणा देणारे रंगद्रव्य. मेलॅनिनचा अपवर्तनांक सुमारे 1.7, तर भोवतालच्या पेशीचा 1.34च्या आसपास. या फरकामुळे प्रकाश जोरात उलटतो आणि बाहेरून काळे ते आत लख्ख पांढरे दिसते. सावळ्या कातडीत मेलॅनिनचे कण पेशीच्या केंद्रकावर टोपीसारखे बसलेले असतात. शेतात डोईवर पंचा घ्यावा, तसे. गोरेपणाच्या क्रीमवाल्यांनी हे चित्र एकदा पाहावेच.

अमेरिकेत 2016पासून या यंत्राने होणाऱ्या कातडीच्या तपासणीच्या बिलासाठी स्वतंत्र कोड आहेत. म्हणजे ती तिकडे प्रयोगशाळेतून दवाखान्यात पोचली. तरी कातडीत खोलवर यंत्राची धाव पाव मिलिमीटरच्या आसपासच, आणि चित्र वाचायला सरावलेला डोळा लागतो.

खरी अडचण वेगळीच आहे. सावळ्या माणसांत मेलॅनोमा हा कातडीचा कर्करोग बहुतेकदा तळपायाला, तळहाताला किंवा नखाखाली निघतो. तिथले कातडे इतके जाड की या यंत्राची नजर वरच अडते. तिथे आजही बायॉप्सीच, म्हणजे तुकडा कापून तपासणेच लागते. तेव्हा रात्री पाय धुताना तळवा उलटा करून पाहा. नवा काळा डाग दिसला, वाढू लागला किंवा जखम भरेना, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.