मुलांच्या हाती कोणते पुस्तक द्यावे?

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या ग्रंथप्रेमाच्या कथा आपल्या घराघरांत सांगितल्या जातात. मात्र त्या कथांमधील एका गोष्टीकडे आपले लक्ष कमी जाते. ग्रंथप्रेमी विद्यार्थी घडण्यापूर्वी त्याच्या हाती पुस्तक देणारे कोणीतरी असावे लागते. परळच्या चाळीतील एका खोलीत संसार असतानाही रामजी सुभेदारांनी विवाहित मुलींकडून उसनवारी केली, प्रसंगी त्यांचे दागिने गहाण ठेवले आणि भीमरावांना पुस्तके आणून दिली. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या या मुलाची आपुलकीने चौकशी करणारे कृष्णराव अर्जुन केळुसकर हे विल्सन हायस्कूलमधील शिक्षक होते. भीमरावांच्या शालेय यशाबद्दल भरलेल्या सभेत त्यांनी स्वतः लिहिलेले, १८९८ साली प्रसिद्ध झालेले गौतम बुद्धांचे मराठी चरित्र त्यांना भेट दिले. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी या भेटीची आठवण नमूद केली आहे. १९५६ सालच्या धम्मदीक्षेपर्यंत गेलेल्या वाटचालीच्या आरंभी एका शिक्षकाने योग्य वयात दिलेले पुस्तक आहे, ही गोष्ट शाळेने, पालकांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी सदैव ध्यानात ठेवावी.

म्हणूनच या स्मरणिकेच्या निमित्ताने, निवासी शाळेतील मुलामुलींना कोणती पुस्तके आवडतात आणि ती कोणत्या वयात द्यावीत, याविषयी काही विचार मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

प्राथमिक वर्गातील मुलांना गोष्ट हवी असते, उपदेश नको असतो. जातककथा या वयासाठी उत्तम होत. पाली वाङ्मयातील ५४७ जातकांपैकी निवडक पंधरा-वीस कथा वर्षभर पुरतात. गाभण हरिणीच्या जागी स्वतःची मान पुढे करणारा हरिणांचा राजा, गरीब आजी-नातीच्या घरातील मळकट थाळी सोन्याची आहे हे ओळखूनही ती कवडीमोल ठरविणारा लोभी फेरीवाला, या कथा मुले कधीच विसरत नाहीत. हरीण बोलते कसे, असे एखाद्याने विचारले तर त्याला गप्प करू नये. ही कथा आहे, इतिहास नव्हे, एवढे सांगून त्यातील करुणेचा अर्थ समजावून द्यावा. प्रश्न विचारणारे मूल हे धम्माच्या मार्गावरचेच मूल होय.

याच वयात तेत्सुको कुरोयानागी यांचे ‘तोत्तोचान’ द्यावे. आगगाडीच्या डब्यांत भरणारी तोक्योमधील शाळा आणि मुलांचे बोलणे तासन्‌तास ऐकून घेणारे मुख्याध्यापक कोबायाशी ही आपल्या मुलांना परीकथेसारखी वाटतात. पण ही शाळा खरोखर होती आणि महायुद्धातील बॉम्बवर्षावात जळून गेली, हे कळल्यावर युद्ध म्हणजे काय ते त्यांना इतिहासाच्या धड्यापेक्षा अधिक समजते. भा. रा. भागवतांचा ‘फास्टर फेणे’ही कपाटात असावा. आपल्या मुलांनी केवळ दुःखाचे आणि संघर्षाचेच वाचावे, असा आग्रह आम्हांस मान्य नाही. हसण्याचा आणि साहसाचा हक्क त्यांनाही आहे.

‘श्यामची आई’ या पुस्तकाविषयी मात्र थोडे विस्ताराने लिहिणे भाग आहे. साने गुरुजींचे हे पुस्तक आपल्या मुलांनाही प्रिय आहे. आईवेगळ्या दिवसांत वसतिगृहात राहणारे मूल ते वाचून रडते, यात नवल नाही. समतेसाठी पंढरपूरच्या मंदिरप्रवेशाकरिता १९४७ साली उपोषण करणाऱ्या गुरुजींविषयी आमच्या मनात आदर आहे. तथापि या पुस्तकात एक प्रसंग आहे. लाकडाची मोळी उचलता न येणाऱ्या महार म्हातारीला हात दे आणि मग घरी येऊन अंघोळ कर, असे आई श्यामला सांगते. इतर घरांतील मुले हा प्रसंग श्यामच्या बाजूने वाचतात आणि आईच्या दयेने भारावतात. आपले मूल तो वाचताना क्षणभर थांबते, कारण मोळीखालची ती म्हातारी त्याची पणजी असू शकते. श्याम अंघोळ करून शुद्ध झाला. पण त्या आजीला त्या दिवशी काय वाटले असेल?

हे पुस्तक मुलांपासून दूर ठेवावे, असे आमचे म्हणणे नाही. ते जरूर द्यावे. पण त्याच्या शेजारी बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ आणि शांताबाई कांबळे यांचे ‘माझ्या जल्माची चित्तरकथा’ ही १९८६ साली प्रसिद्ध झालेली आत्मकथने ठेवावीत. मोळीखालच्या आजीला काय वाटले, याचे उत्तर तेथे मिळते. शांताबाई स्वतः शिक्षिका होत्या. बेबीताई फलटणला छोटेसे दुकान चालवीत, माल बांधण्यासाठी आणलेल्या रद्दीतील मजकूर वाचीत आणि घरच्यांपासून लपवून लिहीत. आठवी-नववीच्या मुलींना हा तपशील विशेष भावतो, कारण आपल्या आजीच्या बोलीतही पुस्तक लिहिता येते हे त्यांना प्रथमच कळते.

किशोरवयीन मुलांच्या आवडीत वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ हे १९८१ साली आलेले पुस्तक अग्रभागी आहे. गुलामीत जन्मलेल्या जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांना कॅन्सासमधील एका महाविद्यालयाने पत्राने प्रवेश दिला आणि प्रत्यक्ष पाहताच वर्णामुळे नाकारला; तेच पुढे टस्कीगीत शेतकऱ्यांचे शास्त्रज्ञ झाले. अमेरिकेतील ही कहाणी आपल्या मुलांना परकी वाटत नाही. त्यानंतर अण्णाभाऊ साठे यांची ‘फकिरा’ द्यावी. शाळेत जेमतेम पाऊल टाकलेल्या लेखकाने ही कादंबरी लिहिली आणि बाबासाहेबांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली, हे आवर्जून सांगावे. दया पवारांचे ‘बलुतं’ दहावीनंतर, थोडी समज आल्यावर वाचलेले बरे.

अवघ्या चौदा वर्षांच्या मुक्ता साळवे हिने मांग-महारांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध १८५५ साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला. ही मुलगी सावित्रीबाई-जोतीरावांच्या शाळेची विद्यार्थिनी होती. जी मुलगी वाचते ती एक दिवस लिहू लागते, याचे याहून मोठे उदाहरण आमच्यापाशी नाही.

आता एक विनंती. १४ एप्रिलला किंवा धम्मचक्र प्रवर्तन दिनी आपले माजी विद्यार्थी शाळेला मोठ्या श्रद्धेने ग्रंथ भेट देतात. बाबासाहेबांचे समग्र खंड शाळेत हवेतच. परंतु दहा वर्षांच्या मुलाचा हात त्या खंडांपर्यंत पोहोचावा यासाठी मधल्या पायऱ्याही हव्यात. वर उल्लेखिलेल्या पुस्तकांच्या चार-चार प्रती द्या, म्हणजे एका खोलीतील मुले ती एकत्र वाचून त्यांवर बोलू शकतील. कपाटाला कुलूप लावू नये. पुस्तक फाटले तर ते वाचले गेले, असे समजावे. ज्या पालकांना स्वतः वाचता येत नाही, त्यांनी सुट्टीत घरी आलेल्या मुलाला रोज रात्री दोन पाने मोठ्याने वाचायला सांगावे आणि ऐकावे.

शक्य झाल्यास भेट देणाऱ्याने पुस्तकासह स्वतः यावे, ते आपल्याला का आवडले हे मुलांसमोर दहा मिनिटे सांगावे आणि मगच ते त्यांच्या हाती द्यावे. केळुसकर गुरुजींनी हेच केले होते.