‘संवेदक-दोष’ या समासाचा विग्रह

जुन्या पेट्रोल मोटारीच्या दर्शनी फलकावर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा लागतो. गॅरेजमध्ये स्कॅनर जोडला जातो, पडद्यावर ‘पी ०१३१’ हा संकेतांक उमटतो आणि ‘ऑक्सिजन सेन्सर गेला’ असा निकाल मिळतो. नवा सेन्सर बसतो, दिवा विझतो. काही दिवसांनी तोच दिवा, तोच संकेतांक. पुष्कळदा मग दुसराही सेन्सर बसविला जातो, आणि एवढा खर्च होऊन गाडी होती तेथेच राहते. येथे कारागिराचा हात सहसा चुकलेला नसतो. चुकलेले असते ते वाचन. या अर्थाने हा बिघाड यंत्रशास्त्राइतकाच अर्थविचाराच्याही कक्षेत येतो.

प्रथम संकेतांकाची घडण पाहावी. ‘पी’ हे अक्षर इंजिन व शक्तिवहन यांचे निदर्शक. पुढील शून्य हे संकेतांक सर्व उत्पादकांना समान असल्याचे सांगते. ‘१’ म्हणजे इंधन आणि हवा यांच्या प्रमाणाचा विभाग. शेवटचे दोन अंक विशिष्ट तक्रार दर्शवितात. अमेरिकेत १९९६ पासूनच्या मोटारींना ही पद्धती सक्तीची झाली. भारतात तिचे पूर्ण रूप २०१३ पासून लागू झाले, आणि तेव्हाच्या गाड्याही आता जुन्यांत मोडू लागल्या आहेत. ‘पी ०१३१’ चा कोशार्थ ‘ऑक्सिजन सेन्सर सर्किट लो व्होल्टेज’ असा दिला जातो. इंग्रजीतील ही विशेषणे आणि नामे कोणत्याही विभक्तिप्रत्ययावाचून एकापुढे एक ठेवलेली आहेत. म्हणजे हा एक समासच होय, आणि त्याचा विग्रह करण्याचे काम वाचणाऱ्यावर येऊन पडते. ‘संवेदक-दोष’ म्हणजे संवेदकातील दोष, संवेदकाच्या तारांतील दोष, की संवेदकाने कळविलेला दोष? गॅरेजमधील निकालाने पहिला विग्रह गृहीत धरला. संकेतांकाने मात्र विद्युत्‌दाब कमी आहे, एवढेच विधान केले होते.

हा दाब कशाचा, हे कळल्याखेरीज पुढे जाता येत नाही. रूढ प्रकारच्या संवेदकात झिर्कोनियम डायऑक्साइडची एक पोकळ चिनीमातीसारखी टोपी असते. तिच्या बाहेरून इंजिनाचा धूर वाहतो, आत स्वच्छ हवा असते. सुमारे ३०० अंश सेल्सियसच्या पुढे तापल्यावर दोहोंकडील प्राणवायूच्या तफावतीमुळे तिच्यात विद्युत्‌दाब निर्माण होतो. धुरात प्राणवायू जवळजवळ नसेल तर तो ०.९ व्होल्टच्या आसपास, भरपूर असेल तर ०.१ च्या आसपास. वजनाने १४.७ भाग हवेस १ भाग पेट्रोल हे आदर्श प्रमाण या दोन टोकांच्या मध्ये, ०.४५ व्होल्टपाशी येते. बॉश कंपनीने १९७६ मध्ये हे उपकरण प्रथम उत्पादनात आणले. ध्यानात ठेवण्याची गोष्ट अशी की त्याला पेट्रोल मुळीच कळत नाही. त्याला केवळ प्राणवायू कळतो. पेट्रोलविषयीचे विधान हे संगणकाने काढलेले अनुमान असते.

आणि अनुमान म्हटले की नैयायिकांची आठवण होणे अपरिहार्य आहे. त्यातून येथे धूरही हजर आहे. धुरावरून अग्नीचे अनुमान करता येते, अग्नीवरून धुराचे करता येत नाही. कारण तेथे ओल्या सरपणाची अधिक अट लागते. अशा अटीस ते ‘उपाधी’ म्हणतात. इंधन कमी पडले तर धुरात प्राणवायू उरतो, हे खरे. पण प्राणवायू आहे म्हणून इंधन कमी आहे, हे अनुमान सोपाधिक आहे. तो सारा प्राणवायू ज्वलनातून उरलेला असला पाहिजे, ही येथील उपाधी. एक्झॉस्ट मॅनिफोल्डला संवेदकाच्या अलीकडे बारीक चीर असेल, तर धुराच्या दोन झोतांमधील अवकाशात बाहेरची हवा आत ओढली जाते. एखादा स्पार्क प्लग मिस करीत असेल, तर त्या सिलिंडरातील न जळलेली हवा तशीच बाहेर पडते. दोन्ही प्रसंगी संवेदक खरे बोलतो आणि संगणक चुकीचे समजतो. तो पेट्रोल वाढवितो. गाडी अधिक पिते, प्लग काजळतात, आणि मिसिंग चालूच राहिले तर न जळलेले पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये पेटून तो भाग तापून निकामी होतो. तो सेन्सरपेक्षा कितीतरी महाग असतो. इंधन कमी असल्याची तक्रार आणि प्लगांवर मात्र काजळी, अशी परस्परविरुद्ध साक्ष मिळाली की चिरेचा संशय घ्यावा. गार इंजिन सुरू करताच मॅनिफोल्डपाशी टिकटिक ऐकू येणे आणि धातू तापून प्रसरण पावल्यावर ती मंदावणे, ही तिची नेहमीची खूण.

संवेदकाची परीक्षा स्वतंत्रपणे करता येते. इंजिन तापल्यावर हवा आत घेणाऱ्या नळीत किंचित ज्वलनशील वायू सोडला असता दाब तत्काळ ०.८ च्या वर गेला, आणि व्हॅक्यूमची एक नळी काढताच ०.२ च्या खाली आला, तर साक्षीदार विश्वसनीय आहे. अशा वेळी स्कॅनरवरील इंधन-दुरुस्तीचे आकडे वाचावेत. आयडलिंगला पेट्रोलची वाढ मोठी आणि मिनिटाला २५०० फेऱ्यांवर ती ओसरत असेल, तर इनटेककडे कोठेतरी हवा ओढली जात आहे. याउलट भार वाढेल तशी वाढही चढत असेल, तर पंप किंवा फिल्टर पाहावा. मधल्या विग्रहाची, म्हणजे तारांची, तपासणी मीटरने होते. तिचा विस्तार येथे नको. एक सूचना मात्र आवश्यक आहे. पुष्कळ संवेदकांना आतील स्वच्छ हवा तारेच्या पेडांमधूनच पोहोचते. म्हणून तार जोडताना डाग दिला किंवा कपलरमध्ये ग्रीस भरले, तर नवा संवेदकही खोटे बोलू लागतो.

पहिला विग्रह कधीच खरा नसतो असे नाही. सिलिकॉनयुक्त सीलंटच्या वाफेने किंवा हेड गॅस्केटमधून झिरपणाऱ्या कूलंटने संवेदक खरोखरच मरतो. परंतु झिरप तशीच राहिली तर त्याच्या जागी आलेलाही मरतो.

मग नवा सेन्सर बसविताच दिवा विझतो तो का? कारण त्याच वेळी स्कॅनरने संकेतांक पुसलेला असतो. अशा प्रकारचे बहुतेक दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत आढळल्याशिवाय संगणक दिवा लावीत नाही. मधले निर्वेध दिवस हे त्या प्रतीक्षेचे असतात. पुसताना आणखी एक हानी होते. दोष नोंदला गेला त्या क्षणी इंजिनाचे तापमान, फेऱ्या, भार आणि गाडीचा वेग किती होता, याची साठविलेली नोंदही त्याबरोबरच नाहीशी होते. ती आधी कागदावर उतरून घ्यावी, आणि संकेतांक त्यानंतर पुसावा.