जुन्या स्पोर्ट्स कारला नवे ब्रेक बसवताय? आधी हे गणित समजून घ्या

भिवंडी तालुक्यातली वळ, पूर्णा, दापोडे, राहनाळ ही गावं आता भातशेतीपेक्षा गोदामांसाठी ओळखली जातात. ऑनलाइन मागवलेल्या असंख्य वस्तू याच पट्ट्यातून पुढे जातात आणि त्यात गाड्यांचे सुटे भागही असतात. लाल रंगाचे कॅलिपर, भोकं पाडलेल्या डिस्क, स्टीलची जाळी असलेले होज असं सगळं आता घरपोच मिळतं. त्यामुळे जुनी गाडी हौसेने सांभाळणाऱ्याला वाटतं, पार्सल आलं, गॅरेजमध्ये बसवलं की झालं काम.

पण वळमधून बाहेर पडलं की पुढे-मागे भरलेले कंटेनर असतात, खड्डे असतात आणि नाशिकच्या बाजूला गेलं तर कसारा घाट असतो. ब्रेकची खरी परीक्षा तिथे होते.

ब्रेक नेमकं करतो काय?

ब्रेक गाडीच्या वेगाचं रूपांतर उष्णतेत करतो. वेग दुप्पट झाला की ही ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते. १,००० किलोची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगावरून थांबवायला सुमारे १४० किलोज्यूल ऊर्जा जिरवावी लागते. तीच गाडी ताशी १०० वर असेल तर हा आकडा ३८५ च्या पुढे जातो.

आता घाट बघा. इगतपुरी ते कसारा उतार सुमारे ३०० मीटरचा आहे. हीच गाडी गिअर न वापरता फक्त ब्रेकवर खाली आणली, तर ताशी १०० वरून सात-आठ वेळा थांबवण्याइतकी उष्णता ब्रेकमध्ये जमा होते. घाटात गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा असं जुने ड्रायव्हर सांगतात ते यासाठीच. बराचसा भार इंजिन उचलतं.

ब्रेक प्रमाणाबाहेर तापला की पॅडची पकड सुटते. याला ब्रेक फेड म्हणतात. पेडल कडक लागतं, पण गाडी थांबत नाही.

ड्रम आणि डिस्कमध्ये फरक काय?

ड्रम ब्रेकमध्ये शूज बंद डब्याच्या आतून घासतात, त्यामुळे उष्णता सहज बाहेर पडत नाही. डिस्क उघड्यावर असते, ती लवकर थंड होते आणि पाण्यातून गेल्यावरही लवकर कोरडी होते. १९५३ च्या ले मान्स शर्यतीत डिस्क ब्रेकच्या जॅग्वारने बाजी मारली, तेव्हा हा फरक जगाने पाहिला.

आपल्याकडे मात्र डिस्क सर्रास यायला बराच काळ लागला. कुर्ल्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी मूळची कुटुंबाची गाडी, पण इंजिनात बदल करून ती शर्यतीत आणि रॅलीतही पळवली गेली. तिच्या चारही चाकांना ड्रम होते. याउलट तेव्हाच्या औरंगाबादजवळ शेंद्र्यात जुळवलेल्या आणि २००४ मध्ये आलेल्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसला चारही चाकांना डिस्क आणि एबीएस होतं. म्हणून 'जुनी गाडी' या एकाच शब्दात सगळ्यांना एकच औषध देता येत नाही.

मोठे ब्रेक लावले की गाडी लवकर थांबते का?

सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे. ब्रेक चाकाला थांबवतो, गाडीला थांबवतो तो टायर. सध्याचा ब्रेक चाक लॉक करू शकत असेल, तर त्यापेक्षा मोठा ब्रेक लावून एका वेळच्या थांबण्यात फारसा फरक पडत नाही.

चांगला टायर आणि कोरडा रस्ता असेल तर ताशी १०० वरून थांबायला साधारण ५० मीटर लागतात. ओल्या रस्त्यावर पकड कमी झाली की हेच अंतर ८० मीटरच्या आसपास जातं. पाय पेडलवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात गाडी आणखी २८ मीटर पुढे गेलेली असते, ते वेगळंच. दहा वर्षं जुने, कडक झालेले टायर ठेवून कॅलिपरवर खर्च करणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

मोठ्या डिस्कचा खरा फायदा वारंवार ब्रेक मारावा लागतो तेव्हा दिसतो. घाटात किंवा ट्रॅकवर दहाव्या वेळेलाही पेडल पहिल्यासारखंच लागतं.

फक्त डिस्क बसवून भागतं का?

नाही. ड्रममधला पुढचा शू फिरण्याच्या ओढीने स्वतःच आणखी घट्ट दाबला जातो, म्हणून पायाला कमी जोर लागतो. डिस्कला ही मदत मिळत नाही. बूस्टर नसलेल्या जुन्या गाडीला नुसती डिस्क लावली तर पेडल दगडासारखं लागू शकतं.

पुढचा मुद्दा मास्टर सिलिंडरचा. कॅलिपरला ड्रमच्या सिलिंडरपेक्षा जास्त ऑइल लागतं. ड्रमसाठी बनलेल्या काही मास्टर सिलिंडरमध्ये लाइनमध्ये थोडा दाब टिकवणारा व्हॉल्व्ह असतो. तो तसाच राहिला तर डिस्कवर पॅड सतत घासत राहतात आणि ब्रेक उगाच तापतो.

तिसरा मुद्दा तोलाचा. ब्रेक मारल्यावर गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून पुढच्या चाकांना ब्रेकचा मोठा वाटा दिलेला असतो. मागचे ब्रेक प्रमाणाबाहेर जोरदार केले तर मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी गर्रकन फिरते. पावसात हा धोका आणखी वाढतो.

अनेक जुन्या गाड्यांमध्ये सगळ्या चाकांना एकच सर्किट असतं. एक पाइप फुटला की चारही ब्रेक गेले. दोन स्वतंत्र सर्किटचा मास्टर सिलिंडर कॅलिपरसारखा झळकत नाही, पण जीव वाचवण्याच्या दृष्टीने तोच मोठा बदल आहे.

मग सुरुवात कुठून करायची?

आधी जे आहे ते नीट करायचं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नवं डॉट ३ ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शिरल्यावर ही मर्यादा १४० पर्यंत घसरू शकते. डॉट ४ साठी हे आकडे २३० आणि १५५ आहेत. ऑइल उकळलं की वाफ तयार होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट तळाला जातं. म्हणून साधारण दर दोन वर्षांनी ऑइल बदलावं. सिलिकॉनचं डॉट ५ मात्र यात कधीच मिसळू नये.

त्यानंतर फुगलेले रबरी होज, गळणारे व्हील सिलिंडर, झिजलेले ड्रम, जाम झालेले कॅलिपर. मग चांगले टायर आणि योग्य पॅड. शर्यतीचे पॅड रोजच्या रस्त्यावर घेऊ नयेत. ते तापल्याशिवाय नीट पकडत नाहीत आणि गर्दीत हळू चालणाऱ्या गाडीचे ब्रेक तापतच नाहीत.

एवढं करूनही घाटात फेड जाणवला, तरच मोठ्या डिस्कचा विचार करावा. तेव्हा मास्टर सिलिंडर, बूस्टर, रिमच्या आतली जागा आणि पुढचा-मागचा तोल हे सगळं एकत्र बघावं. भोकं पाडलेल्या डिस्कला सतत तापून-थंड होऊन भोकांपाशी तडे जाऊ शकतात. रस्त्यासाठी साधी, हवा खेळती ठेवणारी व्हेंटेड डिस्क पुरेशी असते.

एक काळजी मेकॅनिकसाठीही आहे. जुन्या लायनिंगच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं. ती हवेच्या झोताने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

कायदा काय म्हणतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हीच भूमिका घेतली. ब्रेक बदलण्याआधी आरटीओला विचारावं आणि विमा कंपनीला लेखी कळवावं, नाहीतर अपघातानंतर दाव्यात अडचण येऊ शकते.

गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी असेल तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. जुलै २०२१ च्या नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी मूळ स्वरूपात असावी लागते. काढलेले जुने ड्रम भंगारात देण्याआधी हे आठवावं.

बसवल्यावर लगेच घाटात जावं का?

मुळीच नाही. नवे पॅड आणि डिस्क एकमेकांना बसायला वेळ लागतो. मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगाने अनेकदा हलके ब्रेक मारायचे आणि मध्ये थंड होऊ द्यायचे. मग होजचे जोड गळत नाहीत ना, गाडी एका बाजूला ओढत नाही ना, हे तपासायचं.

आणि एक साधी गोष्ट. तुमची गाडी ५० मीटरमध्ये थांबली, तरी मागचा भरलेला कंटेनर तेवढ्यात थांबत नाही. भिवंडीच्या रस्त्यावर पुढच्या वाहनापासून राखलेलं अंतर हा सगळ्यात स्वस्त ब्रेक आहे. अंतर हाताशी असेल तर पेडल हळू दाबता येतं आणि मागच्यालाही सावरायला वेळ मिळतो.