जुने खेळ, नवे संगणक – लेखांक ६ : आधी पाया, मग कोराडी

गेल्या आठवड्यात आपण पाहिलं की विंडोज १० जुन्या सीडीवरचे बरेच खेळ चालूच देत नाही. सेफडिस्क या कुलपाला लागणारा ड्रायव्हर सुरक्षेला धोकादायक ठरला आणि मायक्रोसॉफ्टने तो २०१५ पासून बंद केला. ‘सिमसिटी ४’च्या सीडीलाही हेच कुलूप आहे. त्यामुळे सीडीवर एक ओरखडा नसला तरी उपयोग होत नाही. स्टीम किंवा गॉगवरची डिलक्स आवृत्ती घ्यावी लागते. हा खेळ विस्तार आणि मॉडसह नव्याने कसा बसवायचा, ते आज क्रमाने पाहू.

हाच खेळ निवडायला कारण आहे. आमच्या कोराडीत १९७४ मध्ये वीजकेंद्राचा पहिला संच सुरू झाला आणि गावाचं रूपच पालटलं. आता सुरुवातीचे छोटे संच निवृत्त झाले आहेत आणि ६६० मेगावॅटचे तीन मोठे संच उभे आहेत. सिमसिटीतही शहराची सुरुवात वीजकेंद्रापासूनच होते. कोळशाचं केंद्र स्वस्तात उभं राहतं, पण त्याच्या धुराने आजूबाजूच्या जमिनीचा भाव पडतो. केंद्र जुनं होतं तशी त्याची क्षमता घटते, आणि देखभालीचा पैसा कापला तर ते आणखी लवकर थकतं. प्लांट कुठे, वस्ती कुठे आणि जुन्या संचाचं करायचं काय, हे प्रश्न कोराडीकर रोज ऐकतात. इथे ते स्वतः सोडवून बघता येतात.

खेळाच्या मर्यादाही लक्षात ठेवू. त्यातल्या कोळसा केंद्राला कोळसा पुरवावा लागत नाही आणि राखही उरत नाही. इकडे मात्र कोळशाच्या मालगाड्या आणि राखेचे बंधारे हा परिसराचा निम्मा नकाशा आहे. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याचा राख बंधारा फुटला, तेव्हा राखेचा हिशेब किती मोठा असतो ते सगळ्यांना दिसलं. मूळ खेळात असं जे जे कमी वाटलं, ते ठिकठिकाणच्या हौशी लोकांनी वीस वर्षं स्वतःच्या वेळेतून, विनामोबदला तयार केलं. त्यालाच आपण मॉड म्हणतो.

पहिली पायरी : नुसता खेळ. मॉडला हात न लावता खेळ बसवा आणि एक छोटं शहर उघडून बघा. हा खेळ जानेवारी २००३ चा, एकाच कोअरचे प्रोसेसर असण्याच्या काळातला. आजच्या अनेक कोअरच्या प्रोसेसरवर तो मधेच बंद पडतो. शॉर्टकटच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘टार्गेट’ ही चौकट असते. तिच्यातल्या मजकुराच्या शेवटी एक जागा सोडून उणे चिन्ह द्या आणि त्याला लागूनच रोमन लिपीत ‘सीपीयूकाउंट’ हा सलग शब्द, कोलन आणि १ टाइप करा. खेळ एकाच कोअरवर चालू लागतो.

दुसरी पायरी : विस्तार. ‘रश अवर’ हा विस्तार सप्टेंबर २००३ मध्ये आला. दुहेरी मार्ग, एकेरी रस्ते, मोनोरेल आणि फेरीबोटी त्यानेच आणल्या. डिलक्समध्ये तो आधीच मिळवलेला असतो. तरीही आवृत्तीचा क्रमांक तपासा. डिजिटल प्रतीत शेवटचे तीन आकडे ६४१ हवेत. बहुतेक मोठे मॉड विस्तार आहे असं धरूनच बनवलेले असतात. विस्तार नसेल तर ते चालत नाहीत.

तिसरी पायरी : मेमरी. खेळ ३२ बिटांचा असल्याने तो एरवी २ जीबीपलीकडे जात नाही. मॉड वाढले की शहर उघडतानाच कोसळतं. ‘४ जीबी पॅच’ने खेळाच्या फायलीत एक खूण बदलली जाते आणि मर्यादा दुप्पट होते.

चौथी पायरी : मॉड. सर्वांत आधी ‘नेटवर्क ॲडऑन मॉड’ बसवा. रस्ते आणि रेल्वेचं हे काम २००४ पासून सुरू आहे. खेळाचं रहदारीचं गणितही त्याने सुधारलं, म्हणून बाकीचे कित्येक मॉड त्याच्यावरच बेतलेले आहेत.

मॉडच्या फायली ‘डॉक्युमेंट्स’मधल्या ‘प्लगिन्स’ फोल्डरमध्ये जातात. खेळ त्या वर्णानुक्रमे वाचतो आणि दोन फायली एकाच गोष्टीबद्दल बोलत असतील तर नंतर वाचलेलीचं ऐकतो. नेटवर्क ॲडऑन मॉडच्या एका फोल्डरचं नाव झेड आणि तीन अधोरेषांनी सुरू होतं, ते याचसाठी. त्याचा शब्द शेवटचा राहावा म्हणून. फोल्डर नीटनेटके करायच्या नादात हे नाव बदलू नका. डीएलएल प्रकारच्या फायलींचा नियम मात्र वेगळा आहे. त्या ‘प्लगिन्स’मध्ये थेट ठेवाव्या लागतात, आतल्या फोल्डरमध्ये टाकल्या तर खेळाला सापडत नाहीत.

इमारतींच्या मॉडना बहुधा दुसऱ्या फायलींचा आधार लागतो. तो नसेल तर इमारतीच्या जागी तपकिरी खोका दिसतो. खोका दिसला की मॉडसोबतची सूचना वाचा, कोणता आधार राहिला ते त्यात लिहिलेलं असतं. ‘एससी४पॅक’ हे साधन असे आधार आपणच शोधून उतरवून घेतं. नवख्यांनी त्यापासूनच सुरुवात करावी.

एका वेळी एकच मॉड घाला, खेळ चालवून बघा, मगच पुढचा घ्या. पन्नास मॉड एकदम ओतले आणि खेळ बंद पडला, तर दोष कुणाचा ते शोधण्यात सुट्टी जाते. हा नियम मी कळकळीने सांगतो, कारण पुष्कळ जण इथेच कंटाळून खेळ सोडतात.

सगळं सुरळीत झालं की ‘प्लगिन्स’ आणि ‘रीजन्स’ या दोन्ही फोल्डरांची प्रत पेनड्राइव्हवर घ्या, आणि खेळाचा आवृत्ती क्रमांकही त्यातच लिहून ठेवा. खेळ पुन्हा उतरवता येईल. पण तुमचं शहर आणि त्याखालचा मॉडचा नेमका संच दुकानात मिळत नाही. हौशी मंडळींचं काही काम जुन्या दुव्यांसोबत कायमचं हरवतं. ज्याने प्रत ठेवली, त्याच्याकडेच ते उरतं.

पुढच्या आठवड्यात : खेळातलं मोठं शहर ४ किलोमीटर लांब आणि तेवढंच रुंद असतं. २५७ बाय २५७ पिक्सेलच्या करड्या चित्रातून कोराडी तलाव आणि वीजकेंद्राचा परिसर त्यात कसा उतरवायचा?