टाके सुकले, पण आतल्या व्रणाचं काय?

वरचे टाके आठ-दहा दिवसांत सुकतात, बाळाच्या गडबडीत घरचे सिझर विसरूनही जातात. ओटीपोटावरच्या आडव्या रेघेखाली गर्भपिशवीवरही एक काप असतो, हे मात्र फारसं कुणाच्या ध्यानात राहत नाही. २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या खासगी रुग्णालयांत ४७ टक्के बाळंतपणं सिझरने झाली. म्हणजे असे व्रण घरोघरी आहेत.

एक नेहमीची तक्रार घ्या. पाळी पाचव्या दिवशी संपते आणि पुढे आठवडाभर काळपट डाग पडत राहतात. ‘हार्मोन्सचं काहीतरी असेल’ म्हणत गोळ्या बदलून होतात. कधी कधी खरं कारण त्या जुन्या कापात असतं. तो भरून येताना पिशवीच्या आतल्या बाजूला खाच राहते, पाळीचं रक्त तिच्यात साचतं आणि थोडं थोडं झिरपत राहतं. योनीमार्गातून केलेल्या सोनोग्राफीत ही खाच दिसते. फक्त बघणाऱ्याला जुनं सिझर ठाऊक हवं. त्रास नसेल तर तिला हात लावायची सहसा गरज नसते. असेल तर आधी गोळ्या. त्यांनी भागलं नाही आणि खाचेवरचा स्नायू साधारण ३ मिलिमीटरहून जाड असेल, तर योनीमार्गातून दुर्बीण घालून तिच्या कडा तासतात. स्नायू पातळ असेल आणि मूल हवं असेल, तर पोटातून दुर्बिणीने नव्याने शिवतात. ऊठसूट ‘पिशवीच काढून टाका’ म्हणणं हा काही यावरचा पहिला उपाय नव्हे.

वरच्या रेघेजवळ गाठ आली आणि ती नेमकी पाळीत ठणकू लागली, तर पिशवीच्या अस्तराच्या पेशी तिथे रुजल्याची शंका घ्यावी. ती गाठ बहुधा शस्त्रक्रियेनेच जाते.

खरी धास्ती पुढच्या गरोदरपणाची. वार खाली, जुन्या व्रणावर बसली तर ती स्नायूत घट्ट रुतू शकते. सोडवायला जावं तर रक्ताचा लोंढा लागतो. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, ३० हजारांवर सिझरच्या अभ्यासात, वार खाली असलेल्या स्त्रियांमध्ये ती अशी रुतण्याचं प्रमाण पहिल्या सिझरला ३ टक्के, दुसऱ्याला ११ आणि तिसऱ्याला थेट ४० टक्के आढळलं.

म्हणून सिझरचं डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. पुन्हा दिवस गेले तर सहाव्या-सातव्या आठवड्यात सोनोग्राफी करून घ्या आणि टेबलावर झोपण्याआधीच सांगा, ‘माझं आधीचं सिझर आहे.’