व्हर्च्युअल मशीनमधला ॲप्लिकेशन सर्व्हर: मेमरी नक्की कोण सांभाळतं?

‘सर्व्हर व्हर्च्युअलायझेशन हा तर जुना विषय, त्यात आता शोधायला उरलंय काय?’ पेटची तयारी करणारे विद्यार्थी हा प्रश्न हमखास विचारतात. विषय जुना आहे हे खरंच. आयबीएमने मेनफ्रेमसाठी व्हीएम/३७० ही प्रणाली १९७२ मध्ये जाहीर केली होती आणि व्हीएमवेअरचा ईएसएक्स सर्व्हर २००१ मध्ये बाजारात आला. पण विषय जुना झाला म्हणजे प्रश्न संपले असं नाही. आज त्यातला एकच प्रश्न घेऊ आणि संशोधनाचा प्रश्न सापडतो कुठे, तेही त्यातून पाहू.

आधी मूळ गरज समजून घेऊ. कंपनीत पगाराचं ॲप्लिकेशन एका सर्व्हरवर, खरेदीचं दुसऱ्यावर, ग्राहकसेवेचं तिसऱ्यावर असायचं. पगाराचं मशीन महिनाअखेरीला धापा टाकायचं आणि एरवी जवळपास रिकामं बसायचं. व्हर्च्युअलायझेशनमुळे हे सगळे सर्व्हर एकाच भौतिक मशीनवर, पण एकमेकांपासून वेगळे ठेवता येतात. सगळ्यांची गर्दीची वेळ एकच नसते, आणि बचत होते ती यामुळेच.

प्रोसेसरच्या बाबतीत हे गणित बऱ्यापैकी जमतं, कारण एका मशीनने न वापरलेला वेळ लगेच दुसऱ्याला देता येतो. मेमरीचं तसं नाही. समजा, भौतिक मशीनवर ६४ जीबी मेमरी आहे आणि आपण १६ जीबीची सहा व्हर्च्युअल मशीन्स तयार केली. म्हणजे ९६ जीबीचं आश्वासन दिलं, हातात आहेत ६४. सगळ्यांनी एकदम मागितली तर ३२ जीबी आणायची कुठून?

यावरचा एक प्रसिद्ध उपाय कार्ल वॉल्डस्पर्गर यांच्या २००२ च्या शोधनिबंधात आहे: बलूनिंग. व्हर्च्युअल मशीनच्या आत एक छोटा ड्रायव्हर बसवतात. हायपरव्हायजरला मेमरी हवी असली की हा ड्रायव्हर आतल्या ऑपरेटिंग सिस्टिमकडे मेमरी मागतो, म्हणजे फुगा फुगतो. ऑपरेटिंग सिस्टिम तिच्या मते कमी गरजेची पानं सोडून देते आणि ती हायपरव्हायजरला मिळतात. कुठलं पान बिनकामाचं आहे हे बाहेरच्यापेक्षा आतल्याला जास्त कळतं, हा यामागचा विचार. आणि तो योग्यच आहे.

अडचण येते ती आत जावाचा ॲप्लिकेशन सर्व्हर असला की. वेबलॉजिक, वेबस्फिअर, जेबॉस हे सगळे जेव्हीएमवर चालतात आणि जेव्हीएम आपली हीप स्वतः सांभाळते. म्हणजे मेमरीचे कारभारी झाले तीन: हायपरव्हायजर, ऑपरेटिंग सिस्टिम आणि जेव्हीएम. प्रत्येकाचे नियम वेगळे, आणि एकाला दुसऱ्याचं दिसत नाही.

समजा, हीप १२ जीबीची आहे आणि त्यातला खरोखर लागणारा डेटा ४ जीबी. बाकीचा कचरा आहे, फक्त अजून गोळा केलेला नाही. ऑपरेटिंग सिस्टिमला कचरा आणि डेटा यातला फरक कळत नाही. फुगा फुगला की ती कचऱ्याची पानंसुद्धा इमानेइतबारे डिस्कवर लिहून ठेवते.

दुसरा घोळ याहून मोठा. ऑपरेटिंग सिस्टिमचा साधा हिशेब असा, की बराच वेळ हात न लागलेलं पान बाहेर काढायला हरकत नाही. आता माळ्यावरची भांडी आठवा. वर्षभर त्यांना कुणी हलवत नाही, म्हणून कुणी ती लांबच्या गोदामात नेऊन ठेवली. दिवाळीची साफसफाई आली की मात्र एकूण एक भांडं हवं! गार्बेज कलेक्टरचं तसंच आहे. पूर्ण कलेक्शनच्या वेळी तो जिवंत ऑब्जेक्ट शोधत हीपभर फिरतो आणि डिस्कवर गेलेली पानं एकेक करून परत आणावी लागतात. तेवढा वेळ ॲप्लिकेशन थांबलेलं असेल, तर वापरणाऱ्याला स्क्रीन गोठलेली दिसते.

म्हणून प्रत्यक्षात अनेक ॲडमिनिस्ट्रेटर जेव्हीएमच्या मशीनसाठी पूर्ण मेमरी राखून ठेवतात. त्याने प्रश्न टळतो, पण मेमरीतली बचतही जवळजवळ जाते. म्हणजे ज्यासाठी सगळा खटाटोप केला, तेच हातचं सुटलं.

संशोधनाचा प्रश्न सापडतो तो इथे. फुगा ऑपरेटिंग सिस्टिमऐवजी थेट हीपमध्ये फुगवला तर? कलेक्शन झाल्या झाल्या, कचरा कमी असताना मेमरी मागितली तर? हीपचा आकार हायपरव्हायजरच्या दबावानुसार बदलता आला तर? यातल्या काही कल्पनांवर काम झालेलं आहे, ते आधी वाचायला हवं. पण शोधायची खूण लक्षात ठेवा: एकच गोष्ट दोन थर सांभाळत असतील आणि त्यांना एकमेकांचं दिसत नसेल, तिथे थांबून बघा.

स्वतः करून पाहायचं तर साधा लॅपटॉपही पुरतो. केव्हीएमवर ४ जीबीचं लिनक्स मशीन करा, स्वॅप चालू ठेवा आणि त्यात ३ जीबी हीप देऊन जावा प्रोग्रॅम चालवा. हीपमध्ये २ जीबीच्या आसपास जिवंत डेटा असू द्या. मग फुगा वापरून मशीनची मेमरी हळूहळू कमी करा आणि प्रत्येक पायरीला कलेक्शनचा विराम किती वाढला ते लॉगमधून टिपा. प्रतिसादाचा वेळ मात्र बाहेरच्या मशीनवरून मोजा आणि नुसत्या सरासरीवर जाऊ नका. शंभरातल्या नव्याण्णव विनंत्या झटपट झाल्या, तर उरलेल्या एकीचे आठ सेकंद सरासरीत दिसत नाहीत. तक्रार मात्र त्या एकीचीच येते.

आलेख काढलात, की रेषा अचानक वर कुठे जाते ते पाहा. ती तिथेच का वळली, हे लिहायला बसलात की तुमच्या प्रस्तावाचा पहिला परिच्छेद तयार होईल.