सातबारा नावावर आहे, म्हणून जमीन तुमची?

सोयरीक जमवताना मुलाकडे शेती किती, ते सातबाऱ्यावरून कळतं. पीककर्जाला सातबारा लागतो, जामीन राहायलाही लागतो. बांधावर भांडण पेटलं की 'रस्ता काय तुझ्या बापाच्या सातबाऱ्यावर आहे का?' असा सवाल येतो. जाफराबाद तालुक्यातलं टेंभुर्णी असो की राज्यातलं दुसरं कुठलं खेडं, या कागदावर नाव म्हणजेच मालकी, असं सगळे धरून चालतात. कायदा मात्र तसं म्हणतच नाही!

महसूल खातं प्रत्येक गावाची माहिती एक ते एकवीस नमुन्यांत ठेवतं. सातवा नमुना अधिकार अभिलेखाचा: गट नंबर, क्षेत्र, पोटखराब, आकार आणि भोगवटादाराचं नाव. बारावा पिकांचा: खरिपात कापूस किती, सोयाबीन किती, तूर किती. एकात माणसं, दुसऱ्यात पिकं. दोन्ही एका पानावर आली आणि सातबारा झाला. हा पसारा मुळात उभा राहिला तो शेतसारा कुणाकडून घ्यायचा हे सरकारला कळावं म्हणून. नोंदीने मालकी जन्मतही नाही आणि मरतही नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेकदा स्पष्ट केलं आहे.

मालकी येते खरेदीखतातून, वारशातून, वाटणीतून, बक्षीसपत्रातून. सातबारा तिच्या मागून येतो. तलाठी फेरफार धरतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी पंधरा दिवस थांबतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधलं कलम १५७ सांगतं, की अशी नोंद उलट सिद्ध होईपर्यंत किंवा तिच्या जागी कायदेशीर नवी नोंद होईपर्यंत खरी मानायची. लग्नं, कर्जं, जामीन या सगळ्यांचा डोलारा या एका 'तोपर्यंत'वर उभा आहे!

जगात सगळीकडे असं नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात १८५८ साली रॉबर्ट टॉरेन्स यांच्या पुढाकाराने कायदा झाला आणि सरकारी नोंदवहीतली नोंद हीच मालकी ठरली. तिची हमी सरकारने घेतली. आपल्याकडे सरकार नोंद करतं, हमी घेत नाही.

टेंभुर्णीसारख्या मराठवाड्यातल्या गावात तर सातबारा तसा अलीकडचा पाहुणा. इथल्या जमिनी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होत्या. वर्षं फसली सनात मोजली जात. जुना हक्क शोधायचा तर आजही १९५४-५५चं खासरा पत्रक आणि त्यानंतरची पाहणी पत्रकं काढावी लागतात. शेत जागचं हललं नाही, पण कागदाचा मथळा पालटत गेला: १९५६ पर्यंत हैदराबाद राज्य, मग द्विभाषिक मुंबई, १९६० पासून महाराष्ट्र, आणि १ मे १९८१ रोजी औरंगाबादऐवजी जालना जिल्हा.

'सातबारा कोरा करा' ही घोषणा आपण नेहमी ऐकतो. कर्ज काढलं की 'इतर अधिकार' या रकान्यात सोसायटीचा किंवा बँकेचा बोजा चढतो. पान खरोखरच कोरं झालं तर शेतकऱ्याचं नावही पुसलं जाईल. मागणी असते ती फक्त बोजा उतरवण्याची.

नोंद आणि जमिनीवरची परिस्थिती यांचा मेळ बसत नाही, हे सरकारलाही ठाऊक आहे. एकाच्या नावावरची जमीन दुसरा कसतो आणि दुसऱ्याच्या नावावरची पहिला, अशा शेतकऱ्यांना नाममात्र शुल्कात अदलाबदल करता यावी म्हणून २०२३ मध्ये 'सलोखा' योजना आली. कित्येक सातबाऱ्यांवर वारलेल्यांची नावं तशीच होती. त्यांच्या जागी वारस लावण्यासाठी जाफराबादला लागूनच असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात 'जिवंत सातबारा' मोहीम सुरू झाली आणि एप्रिल २०२५ पासून ती राज्यभर नेली गेली. पिकांची नोंदही १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीमुळे शेतकरी स्वतःच मोबाइलवर करू लागला.

म्हणून सातबारा वाचताना नावापाशी थांबू नये. त्याला जोडलेला फेरफार क्रमांक पाहावा, तो फेरफार काढावा आणि ज्या दस्तावरून नोंद झाली तो दस्त वाचावा. जमीन घेणाऱ्याने जुने फेरफार पाहून घ्यावेत, असं जाणते लोक बजावतात ते याचसाठी.

आणि ज्या बहिणीचं नाव वडिलांनंतर सातबाऱ्यावर लागलंच नाही, तिनेही हे लक्षात ठेवावं. तिने नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिलं नसेल, तर केवळ नाव नाही म्हणून तिचा कायदेशीर वाटा बुडत नाही. तो सिद्ध करून ती आपलं नाव लावून घेऊ शकते. 'उलट सिद्ध होईपर्यंत' हे शब्द तिच्याही कामाचे आहेत.